वाचक विचारतात : परवान्याची शिकार सिंहाला वाचवते की संपवते?

गेल्या अंकात झिम्बाब्वेच्या सेसिल सिंहावर टिपण छापलं होतं. जुलै २०१५ मध्ये ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीबाहेर एका अमेरिकन दंतवैद्याने हा तेरा वर्षांचा नर आधी बाणाने जखमी केला आणि कित्येक तासांनी ठार मारला. सिंहाच्या गळ्यात ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी बसवलेली कॉलर होती, त्यामुळे जगभर बोभाटा झाला. टिपणाच्या शेवटी आम्ही लिहिलं होतं की शिकारीवर सरसकट बंदी घातली म्हणजे सिंह वाचतोच असं नाही. त्या एका वाक्यावर ठाणे आणि नवी मुंबईतून बरीच पत्रं आली. काही रागाची, काही कामाची, काही दोन्ही. त्यांतले निवडक प्रश्न थोडक्यात करून इथे घेतले आहेत.

प्रश्न (कोपरी, ठाणे) : पैसे घेऊन प्राणी मारायचा आणि वर त्याला संवर्धन म्हणायचं, हे निव्वळ ढोंग नाही का? आणि हा पैसा नेमका जातो कुठे?

ढोंग पुष्कळ आहे, पण सगळंच ढोंग नाही. मुळात हा प्रश्न जमिनीचा आहे. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत शिकारीसाठी राखलेली जमीन सुमारे १४ लाख चौरस किलोमीटर आहे, असा अंदाज २००७ मध्ये मांडला गेला. हे क्षेत्र तिथल्या सगळ्या राष्ट्रीय उद्यानांच्या बेरजेपेक्षा जास्त भरतं. यातला बराच भाग पर्यटकांच्या कामाचा नाही. त्सेत्से माशी चावते, पावसाळ्यात रस्ते बंद पडतात, दाट झुडपांत दिवसभर फिरून दोन हरणं दिसतात. कॅमेरेवाल्यांच्या गाड्या तिथे जात नाहीत. शिकारी जातो, एकटा जातो आणि तीन आठवडे राहतो. टांझानियात तर सिंह मारायचा असेल तर किमान २१ दिवसांचीच सफारी घ्यावी लागते.

त्याने मोजलेल्या पैशांचे साधारण तीन भाग पडतात. रोजच्या मुक्कामाचा आणि मार्गदर्शक शिकाऱ्याचा दर कंपनीकडे जातो; हाच सगळ्यांत मोठा भाग. मारलेल्या प्राण्यामागची फी सरकारजमा होते. ब्लॉकचं भाडं, म्हणजे शिकारीसाठी आखून दिलेल्या तुकड्याचं भाडं, कायद्यानुसार सरकारला किंवा गावाला मिळतं. गळती लागते ती गावाच्या वाट्याला. पैसा राजधानीतून जिल्ह्यात आणि जिल्ह्यातून गावात येणार असेल, तर गावात काय पोहोचतं हे आपल्याकडच्या वाचकाला वेगळं सांगायला नको. २०१३ मधल्या एका अर्थतज्ज्ञांच्या अहवालात शिकार कंपन्यांच्या उत्पन्नातला जेमतेम ३ टक्के वाटा स्थानिकांपर्यंत जातो, असा आकडा होता. शिकारी संघटना तो मानत नाहीत. मग त्यांनी ब्लॉकनिहाय हिशेब छापावेत.

नामिबियात गोष्ट वेगळी आहे. १९९६ च्या कायदादुरुस्तीने तिथल्या गावांना वन्यजीवांच्या वापराचे हक्क मिळाले आणि ‘कॉन्झर्व्हन्सी’ नावाची गावांची मंडळं उभी राहिली. शिकारीचा पैसा थेट मंडळाच्या खात्यात येतो आणि मांस गावात वाटलं जातं. या पैशातून राखणदारांचे पगार निघतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष असा की शिकार उद्या बंद केली तर स्वतःचा खर्च भागवणारी मंडळं फार थोडी उरतील. मंडळ स्थापन झाल्यावर शिकारीचं उत्पन्न लवकर सुरू होतं, पर्यटनाचं यायला कित्येक वर्षं लागतात, हे त्यामागचं एक कारण. हे उत्पन्न बहुतांशी हरणं, म्हशी आणि हत्ती यांच्यावर उभं आहे. त्यात सिंह मोजकेच असतात.

आणखी एक आकडा लक्षात ठेवा. सिंहांचा एक चौरस किलोमीटर मुलूख नीट राखायला वर्षाला साधारण एक ते दोन हजार डॉलर लागतात, असं २०१८ मधल्या एका अभ्यासाने काढलं. शिकारीच्या ब्लॉकमधून इतका पैसा क्वचितच निघतो. म्हणजे शिकार सिंहाला पोसते हा दावा अर्धा खरा आहे, आणि शिकार काढून घेतली की दुसरं कोणीतरी पोसेल ही आशा त्याहून कमी खरी आहे.

प्रश्न (खारघर) : शिकारी जर मुख्य मारेकरी नसतील, तर सिंहाला मारतं तरी कोण?

तार, विष आणि गुरं.

तारेची फासकी हरणासाठी लावलेली असते. कुंपणाची किंवा सायकलच्या ब्रेकची तार घ्यायची, तिचा सरकता फास करायचा, जनावरांच्या पायवाटेवर डोक्याच्या उंचीला झुडपाला बांधायचा. खर्च जवळपास शून्य. अडकलेल्या हरणाच्या वासावर सिंह येतो आणि शेजारच्या फासात मान किंवा पंजा घालून बसतो. सुटला तरी तार मांसात रुतत जाते. दुहेरी नुकसान असं की फासकीने सिंहाचं भक्ष्यच संपतं, आणि भूक लागलेला सिंह गुरांकडे वळतो. आपल्याकडे रानडुकरासाठी लावलेल्या क्लच वायरच्या फासात बिबट्या सापडतो, तोच हा प्रकार.

विषाचं काम त्याहून सोपं. गाय मारली गेली की सिंह पुन्हा खायला येणार हे गुराख्याला ठाऊक असतं. तो उरलेल्या धडावर दाणेदार कीटकनाशक टाकतो. आपल्या शेतकऱ्यांना फ्युराडान या नावाने माहीत असलेलं कार्बोफ्युरान पूर्व आफ्रिकेत याच कामासाठी कुप्रसिद्ध झालं. एका धडावर सिंहांचा कळप, तरस आणि गिधाडं अशी सगळी पंगत मरते.

यावर जे उपाय चालतात ते दिसायला साधे आहेत. मसाई लोक रात्री गुरं काट्यांच्या कुंपणात ठेवतात, त्याला बोमा म्हणतात. सिंह बहुतेक वेळा कुंपण ओलांडून आत येत नाही. तो बाहेर फिरतो, वासाने गुरं बिथरतात, कुंपण मोडून पळतात आणि बाहेर मारली जातात. म्हणून कुंपण आतून ढकललं तरी टिकायला हवं. पक्के खांब, त्यांना साखळी जाळी आणि, सगळ्यांत महत्त्वाचं, घट्ट बसणारं दार. दाराच्या जागी काट्याची फांदी ओढून ठेवली की बाकीचा खर्च वाया. सौर दिवे लुकलुकते लावतात, पण त्यांची जागा आणि लय बदलत राहिली नाही तर सिंह सरावतो. केनियात २००७ पासून ‘लायन गार्डियन्स’ हा उपक्रम चालतो. मसाई तरुण पगारावर सिंहांचा माग काढतात आणि आज अमुक ओढ्याकडे गुरं नेऊ नका, असं गुराख्यांना सकाळीच कळवतात. एकेकाळी सिंह मारणं ही याच तरुणांची प्रतिष्ठा होती.

भरपाईच्या योजना मात्र बऱ्याच ठिकाणी फसतात. पैसा उशिरा येतो, खोटे दावे घुसतात, आणि भरपाई मिळतेय म्हटल्यावर राखण ढिली पडते. कुंपण धड नसेल तर भरपाईत कपात, ही अट घातली तिथे योजना बऱ्या चालल्या.

प्रश्न (ऐरोली) : म्हातारा नर तसाही मरणारच. त्याला मारून पैसे मिळत असतील तर बिघडलं कुठे?

खरोखर म्हातारा असेल, कळपातून हुसकावलेला असेल, तर फारसं बिघडत नाही. अडचण अशी की मारला जातो तो बहुतेकदा तसा नसतो.

ह्वांगेत १९९९ ते २००४ या काळात ६२ सिंहांवर खुणा करून पाळत ठेवली होती. त्यांतले ३४ मेले आणि त्या ३४ पैकी २४ शिकाऱ्यांच्या गोळीने. खूण केलेल्या प्रौढ नरांपैकी ७२ टक्के शिकारीत गेले. मारलेल्या नरांत तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास चार वर्षांखालचे होते. उद्यानाच्या हद्दीवरचा नर मेला की मोकळ्या जागेवर आतला नर येतो, तोही हद्दीबाहेर पाऊल टाकताच टिपला जातो. बाहेरच्या शिकारीने उद्यान आतून रिकामं होत जातं. तिथे २००५ पासून काही वर्षं सिंहांची शिकार थांबवावी लागली ती यामुळेच.

पुढची साखळी याहून वाईट आहे. कळपाचा नर गेला की नवे नर ताबा घेतात आणि लहान छावे मारून टाकतात. दूध तुटलं की सिंहीण लवकर माजावर येते आणि सुमारे ११० दिवसांत नव्या नराची पिल्लं होतात. टांझानियातल्या सेरेंगेटी उद्यानात मरणाऱ्या छाव्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश असेच मरतात. छाव्यांना स्वतःच्या पायावर उभं राहायला दोन वर्षं लागतात, आणि नराची कळपावरची सत्ता सरासरी दोन-तीनच वर्षं टिकते. म्हणजे चार वर्षांचा नर मारला तर त्याची पिल्लंही बहुतेक गेली. सहा वर्षांच्या पुढचा मारला तर त्याची एक पिढी वाढलेली असण्याची शक्यता बरी. २००४ मध्ये टांझानियातल्या नोंदींवरून संशोधकांनी गणित मांडलं की पाच-सहा वर्षांवरचेच नर मारले तर एकूण संख्येला फारसा धक्का लागत नाही. ‘सहा वर्षांचा नियम’ त्यातून आला. टांझानियाने तो कायद्यात घेतला, मोझांबिकच्या नियासा अभयारण्याने त्याआधीच लागू केला होता.

आता वय ओळखायचं कसं? नाकाकडे बघतात. छाव्याचं नाक गुलाबी असतं, वयाबरोबर त्यावर काळे ठिपके वाढतात आणि पाच वर्षांच्या आसपास निम्मं नाक काळं होतं. शिवाय आयाळीची भरगच्चता, चेहऱ्यावरचे व्रण, दातांचा पिवळेपणा आणि झीज. प्रत्यक्षात घोळ होतो तो असा : नाक किती लवकर काळवंडतं हे प्रदेशानुसार बदलतं. उष्ण भागात आयाळ विरळच असते, त्यामुळे प्रौढ नर तरुण वाटतो आणि उलटही. म्हशीची किंवा झेब्र्याची तंगडी झाडाला टांगून आमिष लावलेलं असतं. सिंह येतो तिन्हीसांजेला, मचाणातून दिसतं ते अर्धवट उजेडात. आणि विसावा दिवस उजाडलेला असतो, गिऱ्हाईकाने पैसे भरलेले असतात, मार्गदर्शकाची बक्षिसी अडकलेली असते. नियम मोडतो तो याच क्षणी.

म्हणून नियासात गोळी झाडल्यानंतरची तपासणी ठेवली. कवटी आणि दात तपासायचे, दाताचा एक्स-रे काढायचा, कारण दाताच्या आतली पोकळी वयाबरोबर अरुंद होत जाते. सिंह सहाच्या वरचा निघाला तर कंपनीला गुण, कोवळा निघाला तर पुढच्या वर्षीचा कोटा कमी. कंपनीच्या खिशाला झळ लागली की मचाणातल्या माणसाची नजर सुधारते.

कोट्याचंही गणित आहे. २०११ मध्ये टांझानियासाठी सुचवलेली मर्यादा होती दर दोन हजार चौरस किलोमीटरला वर्षाकाठी एक सिंह; फक्त तिथल्या सेलूस अभयारण्यात हजाराला एक. पहिल्या मापाने ठाणे जिल्ह्याएवढ्या, म्हणजे सुमारे चार हजार दोनशे चौरस किलोमीटर मुलखातून वर्षाला दोन. कित्येक ठिकाणी प्रत्यक्ष कोटा याच्या कितीतरी वर होता.

प्रश्न (सानपाडा, शिक्षिका) : नववीच्या वादविवाद स्पर्धेत हा विषय आहे. मुलांनी कुठले मुद्दे टाळावेत?

बंदीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ‘शिकारीमुळे सिंह संपत चालले’ हे वाक्य टाळावं. आफ्रिकेत आज अंदाजे वीस ते पंचवीस हजार सिंह उरले आहेत आणि मूळ मुलखाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग त्यांनी गमावला आहे, तो प्रामुख्याने शेती, गुरं आणि भक्ष्याच्या टंचाईमुळे. विरोधी बाजूने ‘केनियाने १९७७ मध्ये शिकार बंद केली आणि तिथे वन्यजीव घटले’ हा मुद्दा हमखास येतो. केनियातले मोठे वन्यप्राणी १९७७ ते २०१६ या काळात सुमारे ६८ टक्क्यांनी घटले हे खरं. पण त्याच काळात माणसं वाढली, शेळ्यामेंढ्या वाढल्या, कुंपणं उभी राहिली, सामायिक कुरणांची तुकडेवाटणी झाली. बंदीमुळे घटले हे त्यातून सिद्ध होत नाही. फक्त बंदी पुरेशी नव्हती एवढंच होतं. दोन्ही बाजूंनी बोट्स्वाना वापरता येईल. २०१४ मध्ये बंदी, २०१९ मध्ये मागे. हत्तींच्या शिकारीवरून जर्मनीने आक्षेप घेतल्यावर २०२४ मध्ये बोट्स्वानाच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांनी वीस हजार हत्ती जर्मनीला पाठवून देतो असं सुनावलं, हा किस्सा परीक्षकांना आवडतो.

नैतिक बाजू मुलं सहसा घाईत उरकतात. करमणुकीसाठी मारणं चूक आहे, हा मुद्दा आकड्यांच्या आधाराशिवायही पुरा उभा राहतो. तो लपवून आकड्यांत शिरलं की भाषण कोसळतं.

प्रश्न (नेरूळ) : दिवाळीत दक्षिण आफ्रिकेला जातोय. सहलीत एक दुपार सिंहाच्या छाव्यांसोबत आहे. त्यांना बाटलीने दूध पाजता येतं, फोटो काढता येतात. यात काही गैर आहे का?

आहे, आणि बरंच. दक्षिण आफ्रिकेत तीनशेहून अधिक ठिकाणी मिळून आठ ते बारा हजार सिंह पिंजऱ्यात वाढवलेले आहेत, असा अंदाज आहे. जंगलातले जेमतेम तीन हजार. या पिंजऱ्यातल्या सिंहांचं आयुष्य असं चालतं : जन्मल्यावर काही दिवसांत छावा आईपासून तोडतात, म्हणजे सिंहीण लगेच पुन्हा माजावर येते. ‘आई मेली, अनाथ आहे’ असं सांगून छावा पर्यटकांच्या मांडीवर जातो. तीन-चार महिन्यांनी नखं लागू लागली की ‘सिंहासोबत चाला’ या कार्यक्रमात. दीड-दोन वर्षांचा झाला की तोही धोक्याचा. मग काहींची पैदाशीत रवानगी आणि बरेच नर कुंपणाच्या आतल्या शिकारीला. तिथे सिंहाला पळायला जागा नसते आणि माणसाची भीतीही राहिलेली नसते. हाडं आशियात निर्यात व्हायची : २०१७ मध्ये ८०० सांगाड्यांचा कोटा, २०१८ मध्ये १५०० चा. २०१९ मध्ये न्यायालयाने हे कोटे बेकायदा ठरवले, आणि २०२१ मध्ये सरकारने पिंजऱ्यातल्या सिंहांचा धंदा बंद करण्याची दिशा जाहीर केली. पण एवढे सिंह एका रात्रीत कुठे जाणार? धंदा पुरता संपलेला नाही. हे संवर्धन अजिबात नाही, यावर शिकारीचे समर्थक असलेले अभ्यासकही सहमत आहेत.

सहलवाल्याला पूर्ण पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचारा. छाव्याला हात लावता येतो का? छाव्याची आई कुठे आहे? मागच्या वर्षीचे छावे आज कुठे आहेत? इथे पैदास होते का? खऱ्या निवारा केंद्रात हात लावू देत नाहीत, पैदास करत नाहीत, आणि जुन्या प्राण्यांचा पत्ता नावानिशी सांगतात. ‘मोठे झाले की जंगलात सोडतो’ हे उत्तर मिळालं तर समजून जा. माणसाळलेला सिंह जंगलात सोडता येत नाही. ती दुपार रद्द करून उद्यानातली साधी गाडीफेरी मागा, बहुतेक सहलवाले बदलून देतात.

प्रश्न (कळवा) : गीरमध्ये कोणी शिकार करत नाही, तरी सिंह वाढले. मग आफ्रिकेला हे का जमू नये?

गीरचे आकडे बोलके आहेत : २०१० मध्ये ४११, २०१५ मध्ये ५२३, २०२० मध्ये ६७४ आणि २०२५ च्या गणनेत ८९१. निम्म्याहून अधिक सिंह आता अभयारण्याबाहेर राहतात. पण पैसा कोण देतं ते बघा. एक तुलनेने सधन राज्य, एका लहान मुलखातल्या, राज्याच्या अभिमानाचा विषय असलेल्या एकाच प्राण्यासाठी खर्च करतं. भरपाई, उघड्या विहिरींना कठडे, जखमी सिंहांवर उपचारांची पथकं, सगळं सरकारी तिजोरीतून. शेतकऱ्यालाही फायदा दिसतो, कारण सिंह फिरकला की नीलगायी आणि डुकरं शेतातून दूर राहतात. मोझांबिक किंवा झांबियाच्या तिजोरीकडून, त्या विस्ताराच्या जमिनीवर, ही अपेक्षा धरता येत नाही.

गीरचं यशही एका टोपलीत आहे. सप्टेंबर-ऑक्टोबर २०१८ मध्ये दलखाणिया परिक्षेत्रात २३ सिंह काही आठवड्यांत मेले. कुत्र्यांपासून पसरणारा डिस्टेंपर विषाणू आणि गोचिडांमुळे होणारा बबेसिया यांचा त्यात हात होता. याच विषाणूने १९९४ मध्ये सेरेंगेटीतले सुमारे एक तृतीयांश सिंह गेले, पण तिथे भरून काढायला शेजारी सिंह होते. म्हणून काही सिंह मध्य प्रदेशातल्या कुनोला हलवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१३ रोजी दिला. गुजरातने सिंह दिले नाहीत. कुनोत २०२२ मध्ये नामिबियाहून चित्ते आले. यावर अधिक काय बोलावं.

प्रश्न (वाघबीळ, घोडबंदर रोड) : आमच्या सोसायटीच्या मागे बिबट्या दिसतो. बिबटे खूप वाढलेत म्हणतात. आफ्रिकेसारखा ठरावीक कोटा ठेवून मारायला परवानगी का देत नाहीत? पैसाही मिळेल.

कायद्याने शक्य नाही, आणि केलं तरी उपयोग होणार नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ९ ने शिकारीवर बंदी आहे आणि बिबट्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत येतो. कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक लेखी कारणं देऊन एखाद्या जनावराला मारण्याची परवानगी देऊ शकतात, पण ते जनावर माणसाच्या जिवाला धोकादायक किंवा बरं न होण्याइतकं आजारी असेल, आणि त्याला पकडणं, बेशुद्ध करणं किंवा हलवणं शक्य नसेल तरच. नोव्हेंबर २०१८ मध्ये यवतमाळच्या टी-१ वाघिणीबाबत हेच घडलं आणि तेवढ्यावरूनही वर्षभर वाद चालला. हौशी शिकाऱ्याला पैसे घेऊन परवाना, असा मार्गच कायद्यात नाही.

उपयोग का नाही, तेही पाहा. जुन्नरमध्ये २००१ ते २००३ या काळात बरेच बिबटे पकडून दुसरीकडे सोडले, तेव्हा माणसांवरचे हल्ले कमी न होता वाढले, असं त्या काळच्या नोंदींच्या अभ्यासातून दिसलं. जागा धरून बसलेला, माणसं टाळायला शिकलेला बिबट्या काढला की तिथे अनोळखी किंवा कोवळा बिबट्या येतो. गोळीनेही तेच होईल.

वाघबीळच्या मागे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा येऊरचा डोंगर आहे. बिबट्या खाली येतो तो मुख्यतः कुत्र्यांसाठी, आणि कुत्री असतात कचऱ्यामुळे. तेव्हा सोसायटीच्या बैठकीत हे ठरवा : ओला कचरा रात्री बाहेर ठेवायचा नाही, मागच्या भिंतीलगतचं गवत आणि राडारोडा काढायचा, तिथे दिवा लावायचा, अंधार पडल्यावर लहान मुलांनी मागच्या बाजूला एकट्याने खेळायचं नाही. मॉर्निंग वॉकला मोबाइलवर गाणी लावून, गप्पा मारत जा. वाकून बसलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा दिसतो. बिबट्या दिसला तर घोळका करून मोबाइल घेऊन घेरू नका. त्याला निघायला वाट मोकळी ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. बरेच अपघात होतात ते जमावाने कोंडल्यावर.

येऊरच्या पाड्यांवर शेळ्या पाळणाऱ्यांसाठी एक गोष्ट : बिबट्या वरून येतो. भिंती पक्क्या आणि छप्पर गवताचं, असा गोठा कुचकामी. वरही जाळी हवी. शेळी गेलीच तर धड हलवू नका, दोन दिवसांच्या आत वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्या. धड गायब असेल तर भरपाईचा अर्ज तिथेच अडकतो. बाजारभावाच्या ७५ टक्क्यांपर्यंत, ठरलेल्या कमाल मर्यादेत, रक्कम मिळते.

प्रश्न (वागळे इस्टेट) : गोल गोल नको. तुम्ही शिकारीच्या बाजूने की विरोधात?

पिंजऱ्यात वाढवलेल्या सिंहांच्या शिकारीच्या ठाम विरोधात. वयाची तपासणी नाही, कोटा जाहीर नाही, गावाचा वाटा गावाला दिसत नाही, अशा ठिकाणच्या शिकारीच्याही विरोधात. आणि आज आफ्रिकेतली बरीचशी सिंहांची शिकार याच वर्गात मोडते. जिथे ही तिन्ही पथ्यं पाळली जातात, तिथली शिकार दुसरा पैसा उभा राहण्याआधी बंद करू नये. फ्रान्स आणि ऑस्ट्रेलियाने २०१५ मध्ये सिंहाच्या ट्रॉफींची, म्हणजे शिकारीची खूण म्हणून घरी नेलेल्या कातड्या-मुंडक्यांची, आयात बंद केली, अमेरिकेने जानेवारी २०१६ पासून कडक अटी लावल्या. गिऱ्हाईक घटलं, तोट्यातले ब्लॉक कंपन्यांनी सोडले. सोडलेल्या ब्लॉकची राखण कोण करतं, हे विचारायला आयातबंदी करणारे देश फारसे थांबले नाहीत. आमचं भांडण एवढ्यापुरतंच आहे.

प्रश्न (चरई, ठाणे) : जुन्या घराची आवराआवर करताना माळ्यावर आजोबांच्या वेळचं बिबट्याचं कातडं आणि भुसा भरलेलं डोकं सापडलं. कागदपत्रं नाहीत. नातेवाईक म्हणतात जाळून टाका, कोणी म्हणतं विकून टाका. काय करावं?

दोन्ही करू नका. विकणं हा उघड गुन्हा आहे. अनुसूची १ मधल्या प्राण्याच्या बाबतीत तीन ते सात वर्षं तुरुंगवास आणि किमान २५ हजार रुपये दंड. ऑनलाइन जाहिरात टाकणं किंवा ‘किती मिळतील’ म्हणून फोटो गटावर पाठवणं यानेही अडचणीत याल. जाळणं म्हणजे पुरावा नष्ट केल्याचा संशय ओढवून घेणं.

आधी कागद शोधा. १९७२ च्या कायद्यानंतर अशा वस्तूंची घोषणा करून मालकीचं प्रमाणपत्र घ्यायचं होतं. २००३ मध्ये राहून गेलेल्यांसाठी १८० दिवसांची शेवटची मुदत मिळाली होती. आजोबांनी कधीतरी नोंद केलेली असू शकते. जुन्या ट्रंका, बँकेची लॉकरं, वकिलाकडची फाइल बघा. प्रमाणपत्र सापडलं तर वारसाने वस्तू मिळाल्यापासून ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे घोषणा करणं बंधनकारक आहे. ठेवायची नसेल तर २०२२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ४२-अ खाली, सात कामाच्या दिवसांची सूचना देऊन ती सरकारकडे सुपूर्द करता येते. त्याची भरपाई मिळत नाही.

प्रमाणपत्र सापडलंच नाही तर वस्तू हलवू नका, दुसऱ्याच्या घरी ठेवायला तर मुळीच देऊ नका. वन्यजीव कायदा जाणणाऱ्या वकिलाचा सल्ला घेऊन ठाण्याच्या उपवनसंरक्षकांच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या : वस्तू कुठे आणि केव्हा सापडली, कोणाच्या काळातली, घरात कोणाच्या ताब्यात, सोबत फोटो. अर्जाची पोच शिक्क्यानिशी घ्या आणि पंचनाम्याची प्रत मागून घ्या. स्वतःहून कळवणं आणि धाडीत सापडणं यांत फार फरक पडतो. आणि कातडं हाताळताना हातमोजे आणि मास्क लावा. जुन्या काळी किडीपासून बचावासाठी अशा कातड्यांना आर्सेनिकची पेस्ट लावत असत.